चोपडा–यावल रस्ता आणि कॉन्टेसाचे चार दिवे

६ ऑक्टोबर २०२४, रविवार, रात्री साडेअकरा

यावलहून परत येताना किनगाव आणि धानोऱ्याच्या मधे आज थोडक्यात निभावलं. केळीच्या खोडांनी भरलेली ट्रॉली, मागे ना दिवा ना रेडियम. समोरून ट्रक येत होता म्हणून मी डिपरवर, म्हणजे खालच्या झोतावर होतो. ट्रक गेला आणि काळोखात त्याहून काळं काहीतरी पुढे आहे एवढंच कळलं. ब्रेकवर पाय गेला. गाडी थांबली तेव्हा बोनेट आणि ट्रॉलीत दोन हात अंतर राहिलं होतं. वेग साठच्या आतच होता.

शेजारी अण्णा होते. घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. उतरताना म्हणाले, "दिवे बघून घे एकदा." तेव्हा ही वही काढली. जे करीन ते तारखेनिशी लिहून ठेवायचं.

गाडी कॉन्टेसा क्लासिक, १.८ जीएल, १९९४ चं मॉडेल, एमएच १९ पासिंग. अण्णांनी १९९८ साली जळगावहून दुसऱ्या हाताची घेतली. कागदावर ती सेडान असेल, पण लांब बोनेट, पुढे चार गोल दिवे आणि इसुझूचं इंजिन असलेल्या या गाडीला आमच्या गल्लीत कुणी कधी सेडान म्हटलं नाही. मूळ आराखडा इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ मध्ये ती उत्तरपाड्याला बनवायला घेतली, तेव्हा तिला जुनंच दीड लिटरचं इंजिन होतं आणि एवढं धूड त्याला ओढवत नसे. पुढे इसुझूचं १.८ आणि पाच गिअर आले, मग तिला तिचा वेग मिळाला. २००२ मध्ये उत्पादन बंद झालं. दिवे मात्र पहिल्यापासून आहे तेच आहेत, आणि रात्री ते जेमतेम पिवळा उजेड पाडतात.

८ ऑक्टोबर, मंगळवार

भाच्याने एलईडीची जोडी आणून दिली. जुना एच४ बल्ब काढायचा, हा बसवायचा, काम संपलं. पाच मिनिटांत बसले. अंगण दुधासारखं पांढरं झालं आणि क्षणभर मलाही वाटलं, झालं काम.

मग अण्णांना भावाच्या गाडीत बसवून गल्लीच्या टोकाकडून समोरून यायला सांगितलं. भाऊ मधेच थांबला. अण्णा खाली उतरले ते डोळ्यांवर हात धरूनच. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे आणि समोरच्या असल्याच दिव्यांमुळे गेली दोन वर्षं त्यांनी रात्री गाडी चालवणं सोडलंय. कोपऱ्यावर उभा असलेला ट्रॅक्टरवाला म्हणाला, "भाऊ, उजेड बठा झाडेसवर जाई ऱ्हायना." खरंच, कडुनिंबाच्या शेंड्यापर्यंत पानं न् पानं दिसत होती आणि रस्ता पंधरा पावलांपुढे काळाच होता.

काढलेला जुना बल्ब हातात घेऊन बघितला. एच४ मध्ये दोन तारा असतात. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी पन्हळ असते, नखाएवढी. ती खालचा प्रकाश अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या वरच्याच अर्ध्या भागावर प्रकाश पडतो आणि तिथून तो खाली रस्त्यावर उतरतो. सगळी रचना त्या तारेच्या जागेवर बेतलेली आहे, आणि ती जागा मिलिमीटरमध्ये मोजायची. या एलईडीच्या चकत्या जाड पट्टीच्या दोन बाजूंना होत्या आणि तारेची जागा त्यांना काही केल्या साधत नव्हती. उजेड भरपूर होता, पण तो जायला नको तिथे जात होता. जोडी भाच्याला परत दिली, त्याला कारणही सांगितलं. पटलं त्याला.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा. गाडीची पूजा झाली, झेंडूची माळ अजून ग्रिलवर आहे. आज ती बाजूला सारून चाचांना बोलावलं. चाचा आमच्याकडे तीस वर्षांपासून ट्रक-ट्रॅक्टरचं वायरिंग करतात. मी १०० वॅटचे बल्ब टाकायचं म्हणालो. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत, फक्त बॅगेतून मीटर काढलं. म्हणाले, "भाऊ, बल्ब कितलाबी लावा, तारच मरी जायेल शे."

इंजिन चालू, आरपीएम दीड हजाराच्या आसपास, डिपर लावलेला. बॅटरीवर १३.८ व्होल्ट. उजव्या दिव्याच्या होल्डरवर ११.२. म्हणजे २.६ व्होल्ट वाटेतच जिरतायत. चाचांनी एकेक टप्पा मोजला आणि मी लिहीत गेलो: बॅटरी ते फ्यूज बॉक्स ०.४, लाइटचा स्विच ०.५, डिपरचा दांडा ०.६, तिथून दिव्यापर्यंतची तार आणि कनेक्टर ०.६, आणि दिव्यापासून बॉडीपर्यंतचा अर्थ, म्हणजे करंटची परतीची वाट, ०.५. बेरीज बरोबर २.६. एवढं चोख जुळेल असं वाटलं नव्हतं.

अप्पर, म्हणजे लांबचा झोत लावल्यावर चारही दिवे पेटतात, तेव्हा होल्डरवर १०.७ च उरले.

हे आकडे दिसतात त्यापेक्षा वाईट आहेत. तार तापवून उजेड देणाऱ्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज दहा टक्के घटलं की प्रकाश तीस टक्के घटतो. ११.२ ला १३.८ ने भागून तो घात काढला तर ०.४९ येतं. म्हणजे माझे डिपर अर्ध्याहून कमी प्रकाश देत होते, आणि अप्पर ०.४२.

१०० वॅटचा विचार तिथेच सोडला. त्या बल्बांचे ९० वॅटचे दोन डिपर १२ व्होल्टवर १५ अँपिअर ओढतील, आणि तेही याच तारेतून. तार आणखी तापेल, व्होल्टेज आणखी पडेल, होल्डर वितळेल आणि रिफ्लेक्टर भाजेल.

ठरलं ते असं. बल्ब कंपनीच्या मापाचेच, ६०/५५, म्हणजे अप्पर ६० वॅट, डिपर ५५. बॅटरीचा करंट रिलेमधून थेट दिव्याला, आणि जुनं वायरिंग फक्त रिलेला हाक मारण्यापुरतं. रिले म्हणजे थोड्या करंटवर चालणारा मोठ्या करंटचा स्विच. काचा-रिफ्लेक्टर नवे, कारण जुन्यांचा चकचकीत मुलामा उडालाय.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

काम करण्याआधीचं अंतर मोजून ठेवायला अडावदहून उनपदेवच्या रस्त्याने गेलो. तिथे सरळ, निर्मनुष्य पट्टा आहे, एका बाजूला केळी, पुढे सातपुडा. बांबूला भुरकट गोणपाट गुंडाळून रस्त्याकडेला रोवलं आणि गाडी हळूहळू पुढे घेत कुठून दिसतं ते बघितलं. छप्पन्न मीटर! आश्चर्य वाटलं, मग वर पाहिलं. कालच कोजागिरी झाली. पौर्णिमेचं चांदणं सांडलेलं आणि गोणपाट त्यातच दिसत होतं. मोजमाप रद्द.

२८ ऑक्टोबर, सोमवार, वसुबारस

चंद्र उजाडायच्या आधी कधीतरी उगवेल, तोवर अंधार पक्का. तीच जागा, तेच गोणपाट, आम्ही दोघे भाऊ. डिपरवर ३८ मीटर. तीनदा केलं: ३८, ३६, ३९.

साठच्या वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर जाते. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाऊन तो लागेपर्यंत दीड सेकंद धरला तर पंचवीस मीटर गेले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी तेवीस-चोवीस. एकूण अठ्ठेचाळीसच्या आसपास. दिसतंय अडतीसवर. ६ तारखेला ट्रॉली पुढे सरकत होती म्हणून वाचलो. उभी असती तर नाही.

रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी आटोपली. ग्रिल काढली, दिव्यांच्या रिंगा काढल्या. डाव्या बाहेरच्या दिव्याची काच खालून तडकलेली, आत धूळ आणि एक सुकलेला नाकतोडा. रिफ्लेक्टर तर्जनीने पुसला तर बोट करडं झालं. मागच्या पत्र्याच्या वाट्यांना गंज होता तो घासून काढला, रेड ऑक्साइडचा हात दिला आणि वर काळा रंग. बाकी काही लिहिण्यासारखं नाही.

अण्णा बाजूला खुर्ची टाकून बसले होते. पूर्वी दिव्याच्या काचेवर मधोमध काळा टिकला लावावा लागायचा, नाहीतर पोलीस अडवायचे, हे त्यांनी सांगितलं. समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जाऊ नये म्हणून ती सोय. रुपयाएवढ्या डांबरी ठिपक्याने किती फरक पडत असेल कोण जाणे, पण काळजी तीच होती.

१० नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस वायरिंगचा. सकाळी आठला सुरुवात, दिवेलागण होऊन सात वाजले तरी चालूच.

आधी डिपरच्या दांड्याचं कनेक्टर उघडलं. हे नीट लिहून ठेवतो. मूळचं पांढरं प्लास्टिक. पाच खाचा तशाच पांढऱ्या, आणि सहावी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी तपकिरी होऊन एका बाजूला ओघळलेली. आतली पितळी पिन निळसर पडलेली. तारेवरचं रबर दोन इंचांपर्यंत कडक झालेलं. वाकवलं तर नखाने सोललेल्या सालीसारखं तुटून पडलं. आत तांबं चमकायला हवं तिथे काळं. नाक जवळ नेलं तर जळक्याचा जुना, विझलेला वास. तीस वर्षं या एका पिनेतून अप्परचा सगळा करंट गेलाय. बाहेरचे दोन ६० वॅटचे आणि आतले दोन ५५ चे, मिळून २३० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर एकोणीस अँपिअर. या दांड्याने आजवर आग लावली नाही हे आमचं नशीब.

तिथे नवी पिन, नवी तार. आता तिच्यातून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जाईल, अर्ध्या अँपिअरच्याही आत.

रिले तीन घेतले. एक डिपरला, एक बाहेरच्या अप्परला, एक आतल्या अप्परला. दोनात भागलं असतं, पण एखादा गेला तर घाटात सगळाच अंधार नको. चाचांनी नंबर पाठ करून घेतले: ३० वर बॅटरी, ८७ वरून दिवा, ८५ ला अर्थ, ८६ वर डिपरच्या दांड्याकडून येणारी तार. प्रत्येक रिलेला स्वतःचा १५ अँपिअरचा फ्यूज, आणि बॅटरीपासून निघणाऱ्या मुख्य तारेचा फ्यूज बॅटरीपासून वीतभराच्या आत. फ्यूज लांब ठेवला तर मधली तार कुठे पत्र्याला घासली की तिला वाचवणारं काहीच उरत नाही. मुख्य तार ६ स्क्वेअर एमएम, दिव्यांकडे जाणाऱ्या २.५ च्या. दुकानदार घराच्या वायरिंगची तार देत होता, स्वस्त पडते म्हणून. चाचांनी ती परत करायला लावली. इंजिनाशेजारची उष्णता आणि पेट्रोल-ऑइलचे थेंब सोसणारं रबर वेगळं असतं.

रिले बॅटरीच्या बाजूच्या पत्र्यावर, पिना खाली करून. वर करून लावले तर पहिल्याच पावसात पाणी आत उतरतं.

अर्थला अर्धा दिवस गेला, आणि तो सार्थकी लागला. जुना अर्थ म्हणजे दिव्याच्या वाटीजवळचा एक गंजका स्क्रू. आता दोन्ही बाजूंना वेगळी तार काढून पत्रा घासून चकचकीत केला, तारेच्या टोकाला लग (धातूची कडी) दाबून बोल्टने आवळला, वर ग्रीसचा लेप दिला, आणि तिथून एक तार थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. चाचांचं म्हणणं, जाणाऱ्या करंटची सगळे काळजी घेतात, परतणाऱ्याची कुणी घेत नाही.

जुन्याच काचांवर तात्पुरते नवे बल्ब लावून मोजलं. बॅटरी १३.८, होल्डर १३.५. तीच मोटार, तेवढेच वॅट, आणि हिशेबाने एकोणीस-वीसचा फरक नव्हे, सरळ पावणेदोन पटीच्या वर उजेड. चाचा भिंतीकडे बघून म्हणाले, "आते बठ्ठं दिखस." त्यांना जेवायला थांबवलं. बामणोदच्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी.

बल्बचं आयुष्य थोडं कमी होईल, तेवढं चालेल. एक जोडी डिकीत ठेवली.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. मत देऊन आलो आणि नव्या काचा बसवल्या. पावणेसहा इंची, ऑनलाइन मागवलेल्या, काचेवर गोलातला ई कोरलेला, रिफ्लेक्टर आरशासारखा. संध्याकाळी गोडाऊनच्या पांढऱ्या भिंतीसमोर गाडी लावली.

भिंतीवर उजेडाची कड सुंदर उमटली. डावीकडे आडवी, आणि मधून उजवीकडे वर चढत गेलेली. पाच मिनिटं मी तिच्याकडे कौतुकाने बघत होतो. मग लक्षात आलं, चढ चुकीच्या बाजूला आहे.

डिपरच्या झोताची कड मुद्दाम एका बाजूला पंधरा अंशांनी वर चढवलेली असते, म्हणजे कडेचा माणूस, सायकल, बैलगाडी लांबून दिसावी. आपण डावीकडून चालतो, तेव्हा चढ डावीकडे हवा. माझ्या काचा उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी होत्या. त्या घेऊन यावल रस्त्याला गेलो असतो तर समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांत झोत चढला असता आणि कडेची बैलगाडी अंधारातच राहिली असती.

काचेवर खूण असते हेही आजच कळलं. डावीकडून चालणाऱ्या रस्त्यांसाठीच्या काचेवर ई च्या खाली बाण असतो. समोर उभं राहून बघितलं तर तो आपल्या उजव्या हाताकडे, म्हणजे गाडीच्या डाव्या अंगाला वळलेला दिसतो. माझ्या काचांवर बाण नव्हता. विकणाऱ्याने जाहिरातीत "भारतीय रस्त्यांसाठी" असं लिहिलं होतं. या गोष्टीचा मला मनापासून राग आला. ज्याला भिंतीवर तपासायचं सुचलं नाही, तो आजही त्या काचा लावून फिरत असेल.

२७ नोव्हेंबर, बुधवार

ऑनलाइनच्या काचा परत घ्यायला आठवडा आणि सात फोन लागले. जळगावहून दुसऱ्या काचा आणल्या. दुकानातच बॅटरीवर लावून भिंतीवर बघितल्या. चढ डावीकडे. मगच पैसे दिले.

३० नोव्हेंबर, शनिवार

झोत लावणं. जमीन सपाट हवी म्हणून पुन्हा तेच गोडाऊन. टायरमध्ये हवा बरोबर, टाकी अर्धी, ड्रायव्हरच्या जागी अण्णा. मागे माणसं आणि डिकीत सामान असतं तेव्हा गाडीचं नाक वर होतं, म्हणून डिकीत साखरेचं एक पोतं टाकलं.

भिंतीपासून दिव्यांपर्यंत २५ फूट. दिव्यांच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखली. त्याखाली तीन इंचांवर दुसरी रेघ. दर शंभराला एक या उताराने झोत खाली गेला पाहिजे, आणि पंचवीस फुटांचे होतात तीनशे इंच, म्हणून तीन. प्रत्येक दिव्याच्या मध्यासमोर एक उभी रेघ. एक दिवा पोत्याने झाकायचा, दुसऱ्याचे दोन स्क्रू फिरवायचे. वरचा स्क्रू उंचीचा, बाजूचा डावी-उजवीचा. उजव्याच्या वरच्या स्क्रूची प्लास्टिकची नट चिरलेली निघाली. ती बदलेपर्यंत एक तास गेला.

अण्णा आतून सांगत होते, "अजून थोडा खाली." मी म्हटलं, रेघेवर आलाय. ते म्हणाले, "तू रेघेवर बघ, मी समोरच्यावर बघतो." मग उतरून स्वतः भिंतीशी गेले, गाडीकडे तोंड करून, समोरून येणाऱ्या गाडीतला माणूस बसतो तेवढ्या उंचीला वाकून उभे राहिले. डोळे उघडे ठेवून. बराच वेळ. हात वर केला, ठीक आहे म्हणून.

आतले दोन दिवे सरळ लावले, मध्य आडव्या रेघेच्या किंचित खाली. ते अप्परला लागतात.

१ डिसेंबर, रविवार, अमावस्या

उनपदेव रस्ता. डिपरवर गोणपाट ६४ मीटरवर दिसलं. पुन्हा ६६, पुन्हा ६३. अप्परवर दीडशेच्या पुढे बांबू रोवायला रस्ता सरळ उरला नाही, म्हणून मोजणं सोडलं.

भावाला समोरून आणलं. त्याने अप्परबद्दल तक्रार केली, डिपरबद्दल नाही.

एक दोष सापडला. गाडी उभी असताना, आयडलवर, पंखा आणि सगळे दिवे लावले की होल्डरवर १२.४ पर्यंत उतरतं आणि उजेड पिवळटतो. अल्टरनेटरचा पट्टा सैल आहे.

१५ डिसेंबर, रविवार

पट्टा बदलला, ताण दिला. आयडलवर आता १३.१. रिलेवर हात ठेवून बघितला, कोमट. फ्यूजच्या पिना स्वच्छ. अर्थचा डावा बोल्ट पाव फेरा सैल झाला होता, खाली स्प्रिंग वॉशर घालून आवळला.

२९ डिसेंबर, रविवार, रात्री दहा

संध्याकाळी यावलला लग्नाचं बोलणं होतं. निघायला साडेआठ झाले. मी किल्ली काढली तर अण्णांनी हात पुढे केला.

साकळीपर्यंत चाळीस, मग पन्नास. किनगावच्या अलीकडे कापसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक, मागे दिवा नाही, आणि त्यांच्याही पुढे डाव्या कडेला एक बैलगाडी. अण्णांनी ॲक्सिलरेटर सोडला तेव्हा मला अजून बैलगाडी दिसली नव्हती. मी त्यांच्या पायाकडे बघत होतो. झोताच्या डाव्या टोकाला आधी बैलांचे चार पाय उमटले, मग चाक, मग आडवी झोपलेली कडब्याची पेंढी.

समोरून एक ट्रक आला. अण्णांनी डिपर केला. ट्रकवाल्याने एकदाही दिवा मिचकावला नाही. त्यानेही डिपर केला आणि गेला.

अडावदला गाडी थांबवून चहा घेतला. पुढचं काम: उजव्या दिव्याच्या काचेत खालच्या बाजूला वाफ धरतेय, दिव्यामागचा रबरी बूट नीट बसलेला नाही. उद्या चाचांकडे.